पुरळाची नोंद कोण ठेवणार?

रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची ॲलर्जी हा विषय वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपतो. ‘क्वचित आढळते’ एवढे लिहून पुस्तक पुढे जाते. पुस्तकाचे तसे करणे समजू शकते. त्याला हजार रोगांचा हिशेब द्यायचा असतो. परंतु शासन, औषध कंपन्या आणि सार्वजनिक रुग्णालये यांनी त्याच दोन शब्दांच्या आडोशाला उभे राहावे, ही गोष्ट क्षम्य नाही. ‘क्वचित’ या शब्दाचा अर्थ प्रशासनाने ‘जणू नाहीच’ असा करून टाकला आहे. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, हा सरकारी दप्तराचा जुना न्याय येथेही लागू झाला आहे. या न्यायाची झळ कोणाला लागते हे पाहिले म्हणजे पुरळाचा हा प्रश्न श्रमिकांच्या जगण्याशी किती जवळून बांधलेला आहे ते ध्यानात येते.

प्रथम औषधाविषयी. गोळीने रक्त पातळ होते, हा केवळ रूढ शब्दप्रयोग होय. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल या औषधांचा रक्ताच्या दाटपणाशी संबंध नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते; ही औषधे त्या जीवनसत्त्वाचे काम अडवतात आणि त्यामुळे गुठळी होण्याची क्रिया मंदावते. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव, अशा अरुंद वाटेवरून रुग्णाला चालावे लागते. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी त्याच्या पाठीशी कायमची लागते.

या औषधाचा उगम एका शेतकऱ्याच्या तक्रारीत आहे, हेही विसरता कामा नये. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर या चारापिकाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली होती. 1933 साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन राज्य विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्यापुढे उभा राहिला. त्यातून सुरू झालेल्या संशोधनाने आधी डायकुमारॉल आणि पुढे वॉरफरिन दिले. वॉरफरिन 1948 साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 साली माणसांच्या उपचारासाठी मंजूर झाले. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे सार्वजनिक विद्यापीठाने ऐकून घेतले, म्हणून जगाला हे औषध लाभले. तेच औषध घेणाऱ्या रुग्णाचे गाऱ्हाणे ऐकण्यास मात्र आज या देशात कोणी बसलेले नाही.

गोळी कोणाच्या ताटात?

श्रीमंत देशांत ही औषधे बहुतांशी म्हाताऱ्या माणसांना, हृदयाची लय बिघडल्यामुळे दिली जातात. भारतात त्यांच्याबरोबरीने एक फार मोठा वर्ग आहे. लहानपणी घसा दुखला, त्यावर उपचार झाले नाहीत, पुढे सांधे सुजून ताप आला आणि त्या तापाने हृदयाच्या झडपा खाल्ल्या. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात त्याचा हा क्रम. दाटीवाटीची वस्ती, एका खोलीत झोपणारी सात-आठ माणसे आणि दूरवरचा दवाखाना, ही त्याची खरी कारणे आहेत. पाश्चात्त्य देशांतून हा रोग राहणीमान सुधारताच मागे हटला. येथे तो अजून तरुण मुलींना आणि कर्त्या बायकांना गाठतो. झडप बदलावी लागते, यांत्रिक झडप बसते, आणि मग रक्त न गोठू देणारी गोळी मरेपर्यंत सुटत नाही.

सार्वजनिक क्षेत्राने या रुग्णांसाठी काय करता येते ते दाखवून दिलेले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी यांत्रिक झडप तयार झाली आणि 1990 च्या डिसेंबरात ती प्रथम एका रुग्णाला बसवण्यात आली. परदेशी झडपेच्या तुलनेत ती पुष्कळ स्वस्त पडली. झडप स्वस्त झाली, शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजना आल्या. पण योजनेतील पाठपुराव्याला मुदत असते, गोळीला मुदत नसते. आणि त्या गोळीने अंगावर पुरळ उठले, तर पुढे काय, याचे उत्तर कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेत शोधून सापडत नाही.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. जुनी गोळी सोसत नसेल तर नव्या गोळ्या आहेत. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, यांतील एखादी घ्यावी. ज्याची लय बिघडली आहे पण झडपा शाबूत आहेत, त्याच्यापुरता हा सल्ला योग्य आहे, आणि पेटंटांची मुदत संपत गेल्याने त्यांच्या किमतीही उतरल्या आहेत. डॅबिगॅट्रानचा समावेश 2022 मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णांवर डॅबिगॅट्रानची जी चाचणी झाली ती मध्येच थांबवावी लागली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गुठळ्याही अधिक आणि रक्तस्रावही अधिक आढळला. ऱ्हुमॅटिक हृदयरोगात लय बिघडलेल्या रुग्णांना रिव्हारोक्साबान देऊन पाहिलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही जुनीच औषधे सरस ठरली. नव्या औषधाच्या गटात मृत्यू अधिक झाले. म्हणजे ज्या रुग्णाला पर्यायाची गरज सर्वांत निकडीची, त्यालाच नव्या गोळीचा दरवाजा बंद आहे. त्याला जुन्याच गोळीशी संसार करावयाचा आहे. तो संसार सुखाचा कसा होईल हे शोधण्यात कोणत्याही कंपनीचा नफा नाही, आणि नेमकी त्यामुळेच ती जबाबदारी शासनावर येऊन पडते.

पुरळ एक, कारणे अनेक

गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अंगाला खाज सुटते, लाल पुरळ येते, गांध्या उठतात. घरातील माणसे ‘पित्त उठले’ म्हणून कोकम लावतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात ‘गोळी बंद करा’ किंवा ‘काही नाही, चालू ठेवा’ यांपैकी एक हुकूम सुटतो. दोन्ही हुकूम जीवघेणे ठरू शकतात.

कारण कातडीवरची प्रत्येक खूण ॲलर्जीची नसते. मात्रा अधिक झाल्याने त्वचेखाली रक्त साकळले, तर तेही अडाणी डोळ्याला पुरळच दिसते. गोळी सुरू केल्यापासून बहुधा तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान मांडी, नितंब किंवा स्तनाची कातडी दुखू लागून काळी पडली, तर तो त्वचेचा क्षय होय. प्रथिन ‘सी’ची पातळी एकाएकी घसरल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन तो होतो. त्याची ॲलर्जीशी गल्लत झाली तर उपचाराची दिशाच चुकते. आणि खरी ॲलर्जी असली, तरी ती औषधाचीच असेल असे नाही. गोळीला दिलेल्या रंगाची किंवा तिच्यातील एखाद्या भरीच्या द्रव्याची असू शकते.

हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सारी मेख येथेच आहे. अमेरिकेत वॉरफरिनची गोळी मात्रेनुसार निरनिराळ्या रंगांची असते. 10 मिलिग्रॅमची गोळी मात्र पांढरी, रंगाविना केलेली. त्यामुळे रंगाचा संशय आला की पांढऱ्या गोळीचे तुकडे करून तेच औषध देऊन पाहता येते. युरोपात डॅबिगॅट्रानच्या माहितीपत्रकात कॅप्सूलच्या कवचातील सनसेट यलो या रंगाने ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा छापण्यात आला होता. रंग दोषी असेल तर औषध वाचते आणि रुग्णही वाचतो. औषध दोषी असेल, तर त्याच कुळातील दुसरे औषध सावधपणे, देखरेखीखाली देऊन पाहावे लागते. मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने देऊन झडप सांभाळावी लागते. हे सारे करता येण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: औषधाचे मूळ नाव, गोळीतील इतर द्रव्ये आणि उत्पादक.

या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या हाती पोचू नयेत अशीच व्यवस्था नांदते आहे. एका ब्रँडची गोळी सोसली नाही म्हणून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात दुसऱ्या ब्रँडची गोळी दिली जाते. दोन्हींत औषध एकच असल्याचे रुग्णाला कळत नाही, आणि पुरळ दुप्पट जोराने परतते. जयसुखलाल हाथी समितीने 1975 सालीच ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती आणि सुरुवातीला 13 औषधे सुचवली होती. कंपन्यांच्या दडपणाखाली ती शिफारस विरून गेली. तिच्यामागे केवळ किमतीचा विचार होता असे मानणाऱ्यांनी ॲलर्जीच्या रुग्णाचा हा अनुभव पाहावा. मूळ नाव ठळक नसण्याची किंमत त्याला कातडीने मोजावी लागते. औषध नियमांनुसार गोळीतील रंगाचे नाव वेष्टनावर छापावे लागते, हे खरे. पण ते इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, चंदेरी पट्टीच्या अशा कडेला असते की दोन गोळ्या कापून दिल्या की नाव दुकानदाराकडेच राहते. उरलेल्या द्रव्यांची बोळवण आजवर बहुतेक वेष्टनांवर ‘आवश्यक तेवढी’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी अक्षरांनी होत आलेली आहे. 2023 च्या ऑगस्टपासून 300 निवडक ब्रँडांवर क्यूआर कोड छापण्याची सक्ती झाली. शेतमजूर बाईने तो वाचण्यासाठी आधी स्मार्टफोन घ्यावा आणि मग इंग्रजी शिकावे, अशी अपेक्षा दिसते.

नोंदीने काय होते

नोंद ठेवून काय साधणार, असे विचारणाऱ्यांनी याच औषधांचा इतिहास चाळावा. फेनिंडिओन नावाचे औषध एके काळी वॉरफरिनच्या जोडीने सर्रास दिले जाई. त्याने काही रुग्णांना ताप आला, अंगभर पुरळ उठले, कावीळ झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या. असे रुग्ण शंभरांत एक ते तीन होते. म्हणजे तेही ‘क्वचित’च. तरीही ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी ते एकेक करून लिहून प्रसिद्ध केले, म्हणून बहुतेक देशांतून ते औषध वापरातून गेले आणि कुमारिन कुळातील औषधे टिकली. वॉरफरिन आज तुलनेने निर्धोक म्हणून ओळखले जाते, ती ओळखसुद्धा अशा नोंदींनीच दिलेली आहे.

दुसरे उदाहरण झिमेलागॅट्रानचे. रक्ततपासणी नको, पथ्य नको, अशी जाहिरात झालेले हे औषध युरोपात आले. अमेरिकेच्या नियंत्रकांनी 2004 मध्येच त्याला परवानगी नाकारली. 2006 मध्ये यकृताला होणाऱ्या गंभीर इजेमुळे कंपनीला ते मागे घ्यावे लागले. पुढील संशोधनात ही इजा विशिष्ट आनुवंशिक घडण असलेल्या रुग्णांत अधिक आढळली आणि तिच्यामागे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया असावी असे दिसून आले. थोड्या रुग्णांवरील खुणा वेळीच टिपल्या गेल्या, म्हणून पुष्कळांचे प्राण वाचले.

भारतात अशा नोंदीसाठी यंत्रणा नाही असे नाही. 2010 मध्ये औषधसतर्कतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2011 पासून गाझियाबादची भारतीय औषधसंहिता आयोग ही संस्था त्याचे केंद्र आहे. रुग्णाला स्वतः तक्रार करता यावी म्हणून मराठीसह अनेक भाषांत नमुना तयार आहे, आणि 1800-180-3024 हा बिनखर्चाचा दूरध्वनी क्रमांकही आहे. 2016 च्या दुरुस्तीने कंपन्यांवर अशा तक्रारी गोळा करण्याचे बंधन आले. कागदावर सर्व काही आहे. परंतु नोंदणी केंद्रे मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांत. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे रुग्ण पुरळ घेऊन येतो, तेथे हा नमुना भिंतीवर लावलेला सापडणे दुर्मीळ. डॉक्टरांनी नोंद करणे ऐच्छिक आहे. ज्या देशात 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने 14 रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली, त्या देशात तरी औषधाविषयीची तक्रार ही कोणाच्या मर्जीची बाब राहावयास नको होती.

घाबरवणारे आणि भुलवणारे

यावर प्रतिष्ठित डॉक्टरांचा एक ठराविक आक्षेप असतो: रुग्णांना ॲलर्जीची माहिती दिली तर ते घाबरतील आणि गोळी सोडतील. वस्तुस्थिती उलट आहे. रुग्ण गोळी सोडतो तो माहिती नसल्यामुळे. पुरळ उठल्यास कोठे जावे, काय दाखवावे आणि तोवर मनाने गोळी का सोडू नये, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, तो पहिल्या खाजेला गोळी उकिरड्यावर टाकतो. काही दिवसांनी झडपेवर गुठळी धरते, किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन अर्धे अंग लुळे पडते. अज्ञानाने माणूस निर्भय होत नाही, निराधार होतो. आणि माहितीची भीती श्रीमंत रुग्णाच्या बाबतीत कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही. त्याच्या हाती छापील पुस्तिका ठेवली जाते.

दुसरी जात भुलवणाऱ्यांची. हिच्यात पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींचाही भरणा आहे, म्हणून तिची दखल अधिक कठोरपणे घेतली पाहिजे. ‘वॉरफरिन हे उंदराचे विष आहे, कंपन्या ते माणसांना चारतात’, असा प्रचार काही व्यासपीठांवरून होतो, आणि गोळी सोडून काढे व लसूण यांच्या नादी लागण्याचा उपदेश केला जातो. औषध आणि विष यांतील भेद मात्रेचा असतो, हे या देशातील वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कंपन्यांच्या नफेखोरीवर तुटून पडणे वेगळे आणि रुग्णाच्या हातातील गोळी हिसकावणे वेगळे. नफेखोरीविरुद्धचा लढा विज्ञानाच्या बाजूने उभे राहूनच लढवता येतो. ज्याच्या छातीत यांत्रिक झडप टिकटिकते आहे त्याला गोळी सोडण्याचा सल्ला देणारा माणूस क्रांतिकारक नव्हे. तो परिणामांची जबाबदारी न घेणारा वाचाळ आहे.

ॲलर्जीविषयीच्या अर्धवट ज्ञानाने गरिबांवर केवढा घाला घातला आहे, याचे ढळढळीत उदाहरण तर याच रोगाच्या मुळाशी आहे. ऱ्हुमॅटिक तापाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझॅथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळत राहिले, तर त्याच्या झडपा वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. औषध जुने, स्वस्त आणि म्हणूनच कंपन्यांना नकोसे. त्याचा पुरवठा वारंवार तुटतो. जे मिळते तेही पेनिसिलिनच्या ॲलर्जीच्या धास्तीने अनेक डॉक्टर देत नाहीत. खरी तीव्र ॲलर्जी फार थोड्यांना होते, तिच्यावर तातडीचा उपचार माहीत आहे. परंतु आणीबाणीची तयारी ठेवण्यापेक्षा इंजेक्शन टाळणे सोपे. म्हणजे एका ॲलर्जीच्या अवास्तव भीतीने मुलाची झडप जाते, आणि तेच मूल मोठे झाले की दुसऱ्या ॲलर्जीकडे केलेल्या दुर्लक्षाने त्याची गोळी जाते. भीती आणि बेपर्वाई या दोन्ही एकाच कारखान्याचा माल आहेत. मोजणी न करणारी, नोंद न ठेवणारी आरोग्यव्यवस्था हाच तो कारखाना.

मागण्या आणि काम

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. रक्तगोठणरोधक गोळी घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेली नोंदवही सार्वजनिक रुग्णालयाने विनामूल्य द्यावी. तीत औषधाचे मूळ नाव, उत्पादक, मात्रा, आयएनआर आणि कोणतीही प्रतिक्रिया यांसाठी रकाने असावेत. वेष्टनावर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत आणि राज्याच्या भाषेत असावे. गोळीतील सर्व द्रव्यांची नावे द्यावीत. सरकारी खरेदीत रंगविरहित वॉरफरिनचा काही साठा ठेवणे बंधनकारक करावे. औषधप्रतिक्रियेची नोंद डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता सरकारी रुग्णालयांत सक्तीची करावी. शेवटची मागणी भरपाईची. चिकित्सालयीन चाचणीत इजा झालेल्याला भरपाई देण्याचे नियम 2013 पासून आहेत. बाजारातील औषधाने, योग्य रीतीने घेऊनही, इजा झालेल्याला असा आधार नाही. जपानने 1980 साली औषध कंपन्यांच्या वर्गणीतून असा मदतनिधी उभारला. भांडवलशाही जपानला जे जमले ते समाजवादी प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या देशाला परवडत नाही, हे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे?

मागण्या मंजूर होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेच्या क्षेत्रात झडप बदललेली किंवा ही गोळी घेणारी माणसे असतातच. त्यांची यादी करणे, गोळीची रिकामी पट्टी टाकून न देता केसपेपरला जोडून ठेवण्याची सवय लावणे, पुरळ उठताच गोळी मनाने न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे हे घरोघर सांगणे, सोबत जाऊन डॉक्टरांकडून प्रतिक्रियेची लेखी नोंद घेणे आणि तक्रारीचा मराठी नमुना भरून पाठवणे, ही कामे करण्यास मंत्र्याची परवानगी लागत नाही. अशा शंभर नोंदी एका जिल्ह्यातून गेल्या, तर ‘क्वचित’ म्हणून हात झटकणाऱ्यांना निदान आकडा तरी समोर ठेवून बोलावे लागेल. मेलेली कालवड घेऊन विद्यापीठाच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या शेतकऱ्याने एवढेच केले होते: जे घडले ते पुराव्यासह नेऊन दाखवले आणि उत्तर मागितले.